सुरमई मोऱ्याला का गेली

ताई, तुमची सुरमई परत आलीय.

काल भरदुपारी आली. तुमची चुलतबहीण पारू तिला मोऱ्याहून घेऊन आली, मासळीच्या टोपलीत घालून, वरून जाळ्याचा तुकडा बांधून. दार उघडलं तर पारू धापा टाकत उभी, कारण आपली लिफ्ट नेहमीसारखी बंद, आणि टोपलीतून तो घसा खरवडल्यासारखा आवाज. असं बेसूर ओरडणारं दुसरं मांजर मी अजून ऐकलेलं नाही. माझ्या हातातली पळी खाली पडली.

तुम्ही जाऊन सोळा दिवस झाले. सुरमई त्याच्याही सात आठवडे आधी घरातून नाहीशी झाली होती. तेव्हा तुम्ही मला काय सांगितलं होतंत? "गेली. मांजराचा काय, येल नायतर नाय येल." आणि मान खाली घालून तांदूळ निवडत बसलात. मला वाटलं, पळाली. चार मजले उतरून शिरली असेल कुठल्या तरी बांधकामावर. उलव्यात बांधकामांना काय तोटा! आता कळतंय की तुम्ही स्वतःच्या हातांनी तिला पिशवीत घातलीत, उरणची बस धरलीत आणि मोऱ्याला पारूच्या ओटीवर तिला सोडून आलात. माझ्याशी धडधडीत खोटं बोललात.

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांनी तुमच्याबरोबर एकतीस वर्षं एका ओट्यावर स्वयंपाक केलेला नाही. मी रागावणार. आणि माझं रागावून झालं की मलाही तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही होतात तेव्हा धीर झाला नाही.

परवा खालच्या मजल्यावरची नवी भाडेकरीण भेटायला आली होती. म्हणाली, "आई होत्या का तुमच्या?" म्हटलं, कसली आई, जाऊ होती माझी. मोठी जाऊ. दोघींचे नवरे गेले, माझा मुलगा पुण्याला, तिला मूलबाळ नाही, मग उरलो दोघी. तर ती बाई डोळे पुसत म्हणते, "किती छान ना काकू, एकमेकींना धरून राहिलात." धरून! झिंज्या धरून, असं अगदी ओठावर आलं होतं. पण चहा द्यायचा होता, गप्प बसले.

भांडणाचं मूळ म्हणजे जवळा. त्याला मी आणला, कबूल. मसाल्याचे दिवस होते, तुमचे गुडघे धरलेले, म्हणून वाशीच्या मार्केटात मिरच्या आणायला मी एकटी गेले. जाताना तुमचं चालूच होतं, "बेडगी नीट बगून घे, नुसत्या लाल रंगाला भुलू नको, तुला घाटनीला मिरचीतला काय कलतंय." तिथे पोत्यांच्या मधल्या फटीत हा बसला होता. मुठीएवढा, करड्या पट्ट्यांचा, आणि शिंकत होता. एक शिंक, एक म्याऊ. दुकानातला माणूस म्हणाला, "मावशी, आई ट्रकखाली गेली त्याची. घेऊन जा, इथं नाय जगायचा." मला एकदम रडूच आलं. हे जाऊन तीन वर्षं झाली होती, प्रशांत फोनवर "हां आई, मीटिंगमध्ये आहे" याच्या पुढे जात नव्हता. घरात माझं म्हणावं असं काही नव्हतंच. मांजरसुद्धा तुमचं. मिरच्यांवर टॉवेल पसरला आणि त्याला पिशवीत घातला. उलव्यापर्यंत रिक्षात तो शिंकतोय, मी शिंकतेय, रिक्षावाला शिंकतोय.

तुम्ही पिशवीत डोकावलात आणि म्हणालात, "ह्यो काय गो, जवला आनलास?" मी त्याचं नाव राजा ठेवणार होते. पण सुक्या जवळ्यावरून, त्या इवल्याशा कोळंबीवरून, तुम्ही एकदा जे म्हणालात ते झालंच. दुसऱ्या दिवशी दूधवालासुद्धा विचारत होता, जवळा कसा आहे म्हणून.

रीत मात्र सोडली नाहीत. तुमच्या माहेरी नवीन मांजर आणलं की चुलीभोवती तीनदा फिरवतात, म्हणजे ते घर सोडत नाही. आता फ्लॅटमध्ये कुठली चूल? शेगडी ओट्यावर, भिंतीला चिकटलेली, तिच्याभोवती फिरणार कसं? तुम्ही रेग्युलेटर काढलात, भरलेला सिलिंडर ओट्याखालून फरफटत बाहेर आणलात, दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि जवळ्याला छातीशी धरून त्या सिलिंडरभोवती तीन फेऱ्या घातल्यात. मी म्हटलं, "ताई, काहीतरीच काय! सिलिंडर म्हणजे चूल आहे का?" त्यावर तुम्ही, "तुला फिरवायची राह्यली म्हनून तर तू अजून अर्धी सातारला हायस." तुमच्या तोंडाला खरंच कधी कुलूप नव्हतं.

इथपर्यंत मी हसले असते. पण पुढे जे केलंत ते माफ करण्यासारखं नाही. सुरमईनं पोराला आपलं मानावं म्हणून तुम्ही ओले बोंबील धुतलेलं पाणी घेतलंत आणि जवळ्याच्या अंगाला चोळलंत. शेपटीपासून कानापर्यंत. "वास घरचा झाला का ती त्याला पोर समजंल." ताई, दहा वर्षांची ती मांजर! जन्मभर तुम्ही तिला बोंबलावर पोसलीत, आणि तिच्यापुढे बोंबलाच्या वासाचं पिल्लू ठेवलंत! आधी तिनं चाटला. मग चावली. डाव्या कानाचा कोपरा गेला तो गेलाच. पिल्लू किंचाळलं, मी किंचाळले, आणि तुम्ही पदर तोंडाला लावून हसताय, "चव बगितली गो तिनं."

चुकलं म्हणाला नाहीत. तेव्हा नाही, नंतरही नाही.

तेव्हापासून माझ्या मनानं घेतलं की ही म्हातारी सुरमई माझ्या पोराला खाणार. आणि रोज दिसायचंही तसंच. सकाळी अकराच्या सुमाराला ती सोफ्याच्या पाठीवरून त्याच्यावर उडी मारायची. मानगूट तोंडात, पुढच्या पायांनी मिठी, मागच्या पायांनी पोटावर दणादण लाथा. दोघांचा गोळा होऊन हॉलभर गडगडत जायचा. कपड्यांवर पाणी मारायची बाटली मी हातात घेऊनच वावरायचे. दिसली अंगावर की फवारा. सुरमई भिजायची, तुम्ही भडकायचात. "मारत नाय ती! खेलतान दोघा!" हे वाक्य दिवसातून दहा वेळा. मी म्हणायचे, हा कुठला खेळ, ज्यात एकाचा कान जातो? तुम्ही म्हणायचात, खेळात लागतंच. मग मी जवळ्याला माझ्या खोलीत कोंडायचे, तो दार ओरबाडायचा, पलीकडून सुरमई दार ओरबाडायची, आणि मधे आपण दोघी.

"खेळ" हा शब्द तुमच्या तोंडून आला की माझ्या अंगाचा तिळपापड का व्हायचा ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. माझं लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते. न्हावा शेव्याच्या एका ऑफिसात टायपिंग करणारी पोरगी मी, साताऱ्याकडची, मासा ताटात सोडून कुठे पाहिलेला नाही. गावातल्या चार बायका जमवल्यात आणि परडीतली जिवंत चिंबोरी माझ्या मांडीवर टाकलीत. त्या खेकड्यानं माझी करंगळी धरली ती सोडेना. मी घरभर नाचतेय, रडतेय, आणि तुम्ही सगळ्या भिंतीला टेकून हसताय. नंतर हळद लावताना म्हणालात, "मस्करी केली गो. खेल नको काय घरात?" करंगळीवरचा वण अजून आहे. आता हे लिहिताना दिसतोय.

पुढेही तेच. माशाची खवलं नीट निघाली नाहीत की बोटांवर उलथन्याचा फटका. पाहुण्यांसमोर "आमची घाटीन" म्हणून माझ्या बोलण्याची नक्कल. सगळे हसायचे, हेसुद्धा हसायचे. मी काही बोलले की, इतकं मनाला काय लावून घ्यायचं, गंमत कळत नाही का! नाही कळत. एकतीस वर्षांत नाही कळली. तुम्हाला सरळ विचारायचं होतं एकदा, की ताई, खरंच गंमत होती का हो, का मी तुम्हाला नकोच होते? विचारायची हिंमत झाली नाही, कारण उत्तर काय येईल सांगता येत नव्हतं.

आणि तरी, हे गेले तेव्हा तुम्ही जे वागलात त्याचं काय करू? मी अंथरूण सोडत नव्हते. प्रशांत, माझी बहीण, सगळे डोक्यावरून हात फिरवून गेले. तुम्ही मात्र सकाळी सात वाजता कप आपटून ठेवायचात. "ह्यो चहा हाय? धुतलेल्या फडक्याचा पानी हाय. पन आता मीच करनार, दुसरी म्हारानी झोपलेय." तिसऱ्या दिवशी मी रागानं उठले आणि स्वतः चहा केला. चौथ्या दिवशी त्याला नावं ठेवलीत म्हणून परत केला. महिन्याभरात मी हिंडूफिरू लागले. तुम्ही ते मुद्दाम केलंत, की तुमचा स्वभावच तसला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण उठले मी तुमच्यामुळे. हे कुणापुढे बोलले नव्हते, आता बोलते.

आता माझ्यावर येते.

जवळ्याचा कान परत सुजला तेव्हा मी त्याला नेरूळला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तरुण मुलगी होती, शांतपणे बोलणारी. कान साफ केला, मलम दिलं. "जुनीच जखम आहे, स्वतःच खाजवलीय त्यानं," म्हणाली. मी सगळं सांगितलं, मोठी मांजर कशी अंगावर जाते, लाथा कशा मारते. तिनं उलटे प्रश्न विचारले. सुटल्यावर हा लपून बसतो का? म्हटलं, नाही, परत तिच्याच अंगावर जातो. नखं बाहेर असतात का? अंगावर ताजे ओरखडे? नाहीत. खाणं? दोन वाट्या. कधी हा वर, कधी ती वर, असं असतं का? मी म्हटलं, तसं नीट बघितलं नाही, मी मधे पडते ना. ती हसली. "काकू, भांडत नाहीयेत, खेळतायत. मोठी त्याला शिकवतेय. तुम्ही मधे पडू नका. फवाराबिवारा तर अजिबात नको."

अगदी तुमचा शब्द. शिकलेल्या बाईच्या तोंडून तुमचाच शब्द. रिक्षात बसल्यावर मला जवळ्याची काळजी वाटायची सोडून एकच दिसत होतं, तुमचं ते पदरातलं हसू. घरी गेल्यावर "मी बोलली नवती?" आणि मग पारूला फोन, शेजारी फोन, सगळ्या उलव्याला दवंडी.

तुम्ही दारातच विचारलंत, "काय बोलला डाक्टर?"

मी म्हटलं, "दोघांना एकत्र ठेवू नका म्हणाल्या. पिल्लाच्या जिवाला धोका आहे म्हणाल्या."

मला वाटलं होतं उसळाल. पण तुमचं डॉक्टरांपुढे कधी चालायचं नाही. तुमच्या आईला गोळी चुकली म्हणून झटका आला होता, तेव्हापासून डॉक्टर बोलला म्हणजे ब्रह्मवाक्य. बी.पी.ची गोळी घड्याळ लावून घ्यायचात. सुरमईला मांडीवर घेऊन बसलात आणि तिच्या कपाळावरून अंगठा फिरवत राहिलात. मी आत जाऊन भाजी चिरायला घेतली. खरं सांगते, ताई, जिंकल्यासारखं वाटलं मला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला उलट बोलला नव्हतात.

चार दिवसांनी सुरमई "गेली".

मग जवळ्याचं सुरू झालं. सोफ्याच्या पाठीवर चढायचा, खाली बघायचा, परत उतरायचा. तुमच्या खाटेखाली जाऊन हाका मारायचा. खाणं अर्ध्यावर आलं. मी त्याच्यासाठी चेंडू आणला, पिसांची काडी आणली, त्यानं ढुंकून बघितलं नाही. तेव्हाच कळायला हवं होतं, ज्याला मार पडत असतो तो मारणाऱ्याला हाका मारत नाही. कळलंही होतं. पण मांजर पळून गेलेली, आता कबूल करून काय मिळणार, असं म्हणून मी गप्प बसले.

आणि तुमच्या त्या रविवारच्या फेऱ्या! दर रविवारी सकाळी सुक्या बोंबलांची पुडी घेऊन निघायचात. "पारूकडं जातेय." मी टोमणे मारायचे. आता बरं माहेर आठवतं, गुडघे मोऱ्याला जायला बरे दुखत नाहीत, आणि मोऱ्याला बोंबील कशाला, तिथे काय दुष्काळ पडलाय? तुम्ही चपला घालायचात आणि जायचात. संध्याकाळी साडीवर करडे केस घेऊन यायचात. मला वाटायचं, सुरमईचे जुनेच केस असतील, घरभर आहेतच.

तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. भटजी नीट बाजूला होईपर्यंतसुद्धा थांबला नाही. प्रशांत तयारीत उभा होता, काकूची काय इच्छा राहिली असेल ते सगळं कबूल करायला. बायका म्हणाल्या, समाधानानं गेली. मला इतका राग आला! म्हणजे माझ्याशी काहीच राहिलं नव्हतं तुमचं? एक भांडणसुद्धा नाही? पारू होती तिथे, पण तीही काही बोलली नाही. तिला वाटत होतं, मला सगळं माहीतच आहे.

काल तिनं टोपली खाली ठेवली आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाली, "दोन आयतवार झाले, दाराशी बसून वाट बगते. खात नाय काय नाय. माझ्या घरात मेली तं पाप मना. मंगल, तू ठेवतेस का सांग, नायतर परत नेते."

मी म्हटलं, "पारू, ही तुझ्याकडे कशी?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुला ठाव नाय? ताईनं आनून ठेवली. बोलली, मंगलचा पोर बारका हाय, डाक्टरनं दोघांना एकत्र ठेवू नको सांगितलाय, थोडे दिवस सांभाल. आयतवारी येयाची, मांडीवर घेऊन बोंबील भरवायची, आन् शेवटच्या बसनं जायची. मी बोललू, तिला सांग तुझा पिल्लू कोंड, माजी मांजर कनाला वनवासात? तं बोलली, जाव दे, तिला एवढा एकच हाय."

मी खाली पडलेली पळी उचलली.

"मग शेवटच्या आयतवारी रडली," पारू म्हणाली. "बोलली, आता तुझ्याकडंच राहू दे हिला. डाक्टर कायमचा बोललाय."

ताई, तो शुक्रवार आठवतोय तुम्हाला? तुम्ही मंगळवारी गेलात, त्याच्या आधीचा शुक्रवार. मी पोळ्या लाटत होते. तुम्ही ओट्याला टेकून अगदी सहज विचारलंत, "तो डाक्टर बोललेला ना मांजरांचा, वेगला ठेवा. कई पर्यंत ठेवायचा असा?" मला वाटलं, तुम्हाला आता दुसरी मांजर आणायचीय. मनात म्हटलं, नको बाई परत तो धिंगाणा. आणि पोळीवरची नजरही न काढता बोलले, "कायमचं."

तुम्ही "बरा" म्हणालात. तव्यावरची पोळी उलटलीत आणि बाहेर गेलात.

मंगळवारी दुपारी जेवून आडव्या झालात त्या उठलाच नाहीत. चहाला हाक मारायला मी आले तेव्हा तुम्ही कुशीवर होतात, पाय पोटाशी घेतलेले, पायथ्याशी सुरमई झोपायची ती हातभर जागा तशीच मोकळी. मला वाटलं होतं, थंडी वाजली असेल. पंखा बंद केला होता मी, तुम्हाला हलवण्याच्या आधी.

आता मला सांगा, मी कुणाला शिव्या घालू? तुम्हालाच घालते. इतकी वर्षं माझ्या प्रत्येक गोष्टीला फाटे फोडलेत. मीठ जास्त म्हणाले की कमी म्हणालात, पाऊस येईल म्हणाले की नाही म्हणालात. माझा एक शब्द कधी खरा मानला नाहीत. मानलात तो नेमका हाच! एक फोन केला असतात डॉक्टरांना. नंबर फ्रिजवर लावलेला होता, मलमाच्या चिठ्ठीवर. नाहीतर नेहमीसारख्या अंगावर आला असतात, "खोटारडे, शप्पथ घे" म्हणाला असतात, तर मी तिथल्या तिथे सगळं ओकले असते. तुमच्यापुढे मला कधी खोटं टिकवता आलंय का? पण नाही. ह्याच वेळेला तुम्हाला शहाणपणा सुचला. ह्याच वेळेला गुपचूप माघार घ्यायची बुद्धी झाली, आणि तीही मला न सांगता. सांगितलं असतं तर मी चिडले असते, हट्टाला पेटले असते, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याआधी उठून मोऱ्याला जाऊन तिला घेऊन आले असते. हे तुम्हाला माझ्याबद्दल कळायला हवं होतं.

पारूनं जाळी सोडली. सुरमई बाहेर आली, वाळलेली, हाडं वर आलेली. सरळ तुमच्या खोलीत गेली, खाटेवर चढली, गादी हुंगली, उतरली, बाथरूमच्या दाराशी जाऊन बसली आणि परत तो आवाज. पारूनं डोळ्याला पदर लावला. तेवढ्यात जवळा आला. आता तो जवळा राहिलेला नाही, चांगला बांगड्याएवढा झालाय. दारात थांबला. शेपटी फुलली. आणि मग वेडा झाल्यासारखा धावत येऊन तिच्या अंगावर पडला.

माझा हात बाटलीकडे गेला होता. पारू म्हणाली, "राहू दे." मी हात मागे घेतला आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत बघितलं. त्यानं तिला पाडलं. तिनं एक थप्पड दिली, मानगूट धरलं, लाथा झाडल्या. मग सोडलं आणि स्वतः उताणी पडली, पोट वर करून. तो तिच्यावर चढला, तिचा कान तोंडात धरला आणि नुसता धरून राहिला. ती इतकी अशक्त झालीय की एका झटक्यात तो तिला जायबंदी करू शकला असता. केलं नाही. मग त्यानं सोडलं आणि तो खाली पडला. असं चाललं होतं पाच-सात मिनिटं. एकही नख बाहेर नाही. नंतर तिनं त्याच्या वाटीतलं खाल्लं, तो बाजूला बसून बघत राहिला.

पारूला म्हटलं, टोपली घेऊन जा, मांजर इथेच राहील.

तर मांजरांचं मान्य. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. चिंबोरीचं मान्य नाही. मी उताणी पडलेली सगळ्यांनी बघितली, तुम्ही कधी माझ्यापुढे पडलात? हे मी लिहिलंय खरं, पण लिहिल्यावर मोऱ्याच्या त्या रविवारच्या फेऱ्या डोळ्यांसमोर येतायत आणि पुढचं वाक्य सुचत नाहीये. ते राहू दे. त्यावर आपण भांडलो असतो.

जे सांगायचं राहिलं होतं ते आता मोठ्यानं सांगते, तुमच्या खाटेवर बसलेय, सुरमई पायथ्याशी आहे, माझ्याकडे पाठ करून. डॉक्टर काहीच तसं बोलल्या नव्हत्या, ताई. खेळतायत म्हणाल्या होत्या. एकत्र राहू द्या म्हणाल्या होत्या. वेगळं ठेवा म्हणणारी मी होते, आणि कायमचं म्हणणारीही मीच. केवळ तुम्ही हसू नये म्हणून.

आता हसा. हसा ना. नाहीतर घाला शिव्या, घाटीन म्हणा, काय हवं ते म्हणा. मी मधे बोलणार नाही.